कॅन्ससमधले दोन गुलाम

१८६० च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाख ५३ हजारांवर माणसांची नोंद गुलाम म्हणून झाली. त्यांतली कॅन्सस प्रदेशात दोन होती आणि शेजारच्या नेब्रास्कात पंधरा. न्यू मेक्सिकोत गुलामांच्या मालकीला संरक्षण देणारा कायदा आदल्याच वर्षी झाला होता, पण जनगणनेत तिथे एकही गुलाम आढळला नाही. तरी १८४६ पासून चौदा वर्षे अमेरिकेचे राजकारण अशाच प्रदेशांच्या पायी नासले होते. पक्ष फुटले, सिनेटच्या सभागृहात एका सदस्याला काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारण्यात आले, कॅन्ससमध्ये खून पडले. उलट एकट्या व्हर्जिनियात जवळपास पाच लाख माणसे गुलामीत असताना तिथली गुलामगिरी केंद्राने बंद करावी, अशी मागणी कोणत्याही मोठ्या पक्षाने केली नव्हती. जिथे गुलाम लाखांनी होते तिथल्या व्यवस्थेला हात लावायचा नाही यावर जवळजवळ एकमत, आणि जिथे ते बोटांवर मोजण्याइतके तिथल्या प्रश्नावर देश दुभंगायला तयार. हे कोडे वरवर दिसते तितके वेडगळ नाही.

अमेरिकेचे संघराज्य पश्चिमेकडे पसरले ते एका ठरावीक रीतीने. नवी भूमी आधी केंद्राच्या ताब्यातला ‘प्रदेश’ होई. तिथला गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमी आणि कायदेकानूंवर अंतिम अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, असे. वस्ती पुरेशी वाढली की तिथले लोक राज्यघटना लिहून राज्याचा दर्जा मागत. दर्जा मिळाला की राज्य लहान असो वा मोठे, सिनेटमध्ये दोन जागा ठरलेल्या. (ही भूमी रिकामी नव्हती, हेही इथेच सांगितले पाहिजे. कॅन्ससची जमीन तर पूर्वेकडून हाकलून आणलेल्या मूळनिवासी जमातींना कायमची म्हणून दिलेली होती. गुलामगिरीच्या वादात दोन्ही बाजूंनी त्यांची दखल घेतली नाही.) प्रदेशात आज कोण वसते यावर उद्याचे राज्य कसे होणार हे ठरे, आणि उद्याच्या राज्यावर सिनेटचे पारडे. पुढे झालेल्या यादवी युद्धानंतर असे सांगण्याची रीत पडली की दक्षिणेचा, म्हणजे गुलामीच्या राज्यांचा, लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता, गुलामगिरी हे निमित्त. या दाव्याची खरी कसोटी प्रदेशांतच लागते, कारण तिथे राज्यच नव्हते. आणि तिथे गुलाममालकांनी मागितले ते केंद्राचे बळ. आधी केंद्राने गप्प राहावे एवढेच म्हणणे होते. शेवटी केंद्राने आपल्या मालमत्तेची राखण करावी, नाहीतर आम्ही बाहेर पडतो, इथपर्यंत मजल गेली.

सुरुवात वेगळी होती. १७८७ साली, राज्यघटना अमलात येण्याआधीच, ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी एक अध्यादेश झाला आणि त्यात गुलामगिरीला बंदी घातली गेली. दक्षिणेच्या प्रतिनिधींनी त्याला विरोध केला नाही. पळालेले गुलाम परत देण्याचे कलम त्यात होते आणि नदीच्या दक्षिणेचा मुलूख मोकळा राहत होता. त्यानंतर १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले, कापूस पिकवणे फायद्याचे झाले आणि मळ्यांची व्यवस्था पश्चिमेकडे सरकू लागली. १८१९ मध्ये मिझुरीने राज्याचा दर्जा मागितला तेव्हा न्यूयॉर्कचे जेम्स टॉलमॅज यांनी उपसूचना आणली. मिझुरीत यापुढे गुलाम आणू नयेत, आणि तिथे पुढे जन्मणारी गुलामांची मुले पंचविसाव्या वर्षी मुक्त व्हावीत, एवढेच तिचे म्हणणे होते. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये पडली. उत्तरेची लोकसंख्या वाढत होती, त्यामुळे प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातून निसटत चालले होते. तेही गुलामांची तीन पंचमांश संख्या जागावाटपात मोजण्याची सवलत असताना. सिनेट मात्र बरोबरीत राखता येत होते. १८२० च्या तडजोडीत मिझुरी गुलामीचे राज्य आणि मेन मुक्त राज्य झाले, बारा विरुद्ध बारा, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी बंद ठरली. काँग्रेसला प्रदेशात बंदी घालण्याचा अधिकार आहे, हे त्या दिवशी दक्षिणेच्या बहुतेक नेत्यांनीही मान्य केले होते. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी कशाकशावरून माघार घेतली ते मोजायचे तर मोजपट्टी हीच.

या वादात थॉमस जेफरसन यांनी एक युक्तिवाद केला होता. गुलाम मोठ्या मुलखात पसरले तर त्यांची स्थिती सुधारेल आणि त्यांना मुक्त करणेही सोपे जाईल. पसरल्याने गुलामांची संख्या वाढत नाही, फक्त वाटली जाते. ऐकायला हे दयेचे बोलणे वाटते. आकडे मात्र याच्या नेमके उलटे बोलतात. परदेशातून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी होती. तरी १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८२० मध्ये पंधरा लाखांवर आणि १८६० मध्ये ३९ लाखांवर गेली. व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या तंबाखूने झिजलेल्या जमिनीत माणसांना पुरेसे काम उरले नव्हते, पण अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना त्यांना विकत घ्यायला तयार होते. इतिहासकारांच्या अंदाजाने त्या सत्तर वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे अशी जुन्या दक्षिणेतून नव्या दक्षिणेत नेली गेली, पुष्कळदा नवराबायकोची आणि मायलेकरांची ताटातूट करून. रिचमंडला विकलेला माणूस न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात पुन्हा विकला जाई. १८६० च्या सुमारास तिथे धडधाकट शेतगड्याचा भाव दीड हजार डॉलरच्या पुढे होता. हा भाव नव्या जमिनीच्या मागणीवर टिकून होता. मुलूख वाढायचा थांबला तर व्हर्जिनियातल्या मालकाच्या घरात असलेल्या माणसांचीही किंमत उतरली असती. म्हणून दूरच्या प्रदेशावर बंदी घालणे म्हणजे जवळच्या मालमत्तेला हात घालणे आहे, हे गुलाममालकांना पक्के कळत होते. या मालमत्तेमागे जगाचा बाजार उभा होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेतून जाई. यादवी युद्धात तो आटला तेव्हा मुंबईच्या कापूसबाजारात सोन्याचा धूर निघाला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तिथले सट्टेवाले धुळीला मिळाले.

मेक्सिकोशी १८४६ मध्ये सुरू झालेल्या युद्धाने जुनी तडजोड उसवली. मेक्सिकोने १८२९ मध्येच गुलामगिरी रद्द केलेली होती, म्हणजे जिंकून घ्यायचा मुलूख कायद्याने मुक्त होता. १८४६ च्याच ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड विल्मट यांनी अट मांडली, की या युद्धातून मिळणाऱ्या भूमीत गुलामगिरी नसावी. प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली, सिनेटने नाही. साउथ कॅरोलिनाचे जॉन कॅलहून यांनी पुढल्या वर्षी उत्तर दिले: प्रदेश ही साऱ्या राज्यांची सामाईक मालमत्ता आहे, म्हणून कोणत्याही नागरिकाला आपली मालमत्ता, म्हणजे गुलाम, तिथे नेण्यापासून काँग्रेस रोखू शकत नाही. १८२० मध्ये जे मान्य होते ते आता घटनाबाह्य ठरले. कॅलिफोर्नियात सोने सापडले, लोकांची रीघ लागली आणि तिथल्या लोकांनी स्वतःच मुक्त राज्याची घटना लिहिली. १८५० च्या तडजोडीत तिला मान्यता मिळाली आणि सिनेटची बरोबरी सोळा विरुद्ध पंधरा अशी मोडली. बदल्यात दक्षिणेने पळालेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा पदरात पाडून घेतला. त्या कायद्याचे एक कलम वाचले की त्याची सारी जात कळते. पकडून आणलेल्या माणसाचा निकाल ज्युरी नव्हे, तर केंद्राने नेमलेला आयुक्त करणार. त्या माणसाला स्वतःची साक्ष देता येणार नाही. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताला फी दहा डॉलर, सोडून दिले तर पाच. कागदपत्रे जास्त करावी लागतात, असे त्याचे समर्थन होते. वाटेतल्या कोणत्याही नागरिकाला मदतीला बोलावण्याचा अधिकारही केंद्राच्या अधिकाऱ्यांना होता. १८५४ मध्ये बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या तरुणाला जहाजापर्यंत नेण्यासाठी केंद्राने सैनिक उभे केले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मनाविरुद्ध, त्याच राज्याच्या रस्त्यावर. राज्यांच्या हक्कांचे कैवारी म्हणवणाऱ्यांना त्यात काही खटकले नाही.

इथे एक जुना आक्षेप आहे आणि तो हलका नाही. डॅनियल वेबस्टर यांनी मार्च १८५० च्या भाषणात तो मांडला होता, पुढे काही इतिहासकारांनीही उचलला. त्याचा आशय असा, की न्यू मेक्सिकोच्या उजाड पठारावर कापूस पिकत नाही. निसर्गानेच जिथे गुलामगिरी अशक्य केली तिथे कायद्याची बंदी हा निव्वळ डिवचण्याचा प्रकार. सगळा तंटा हवेतल्या प्रश्नावर झाला. कॅन्ससमधले दोन गुलाम हा या मताचा सर्वांत सोयीचा पुरावा. पण तो आकडा कशामुळे आला, हे विचारायला हवे. कॅन्ससच्या सरहद्दीला लागून असलेल्या मिझुरीत, त्याच नदीच्या काठी, गुलामांच्या श्रमांवर ताग आणि तंबाखू पिकत होता, आणि त्या राज्यात १८६० मध्ये एक लाखाहून जास्त गुलाम होते. माती बदलली नव्हती, पाऊसही नाही. रिचमंडच्या लोखंडाच्या कारखान्यात गुलाम राबत होते आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींतही काही मालकांनी ते नेले होते, म्हणजे या व्यवस्थेला कापूसच हवा असे नव्हते. आणखी जुना दाखला इलिनॉयचा. १७८७ ची बंदी असूनही तिथे गुलामगिरी कायदेशीर करण्याची जोरदार चळवळ झाली. त्यासाठी नवी घटना लिहावी का यावर १८२४ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ६,६०० विरुद्ध ४,९७० मतांनी ती मागणी फेटाळली गेली. हजार-बाराशे माणसांनी इकडचे तिकडे केले असते तर अब्राहम लिंकन यांच्या राज्याचा इतिहास निराळा झाला असता. तिथे निसर्गाने काही ठरवले नव्हते. आणि विस्ताराची भूक खरोखर हवामानापाशी थांबणार होती, तर राष्ट्राध्यक्ष पोक यांच्या सरकारने १८४८ मध्ये क्यूबासाठी स्पेनला दहा कोटी डॉलर का देऊ केले? त्या बेटावर ऊस पिकत होता आणि तो गुलामच पिकवत होते.

कॅन्ससचा आकडा लढाईचा निकाल आहे, लढाई निरर्थक असल्याचा पुरावा नाही. ती लढाई कशी झाली ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. १८५४ मध्ये इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांना पश्चिमेकडे रेल्वे न्यायची होती आणि त्यासाठी कॅन्सस-नेब्रास्काचा मुलूख संघटित करायचा होता. तो मुलूख ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेचा, म्हणजे कायद्याने मुक्त. दक्षिणेच्या सिनेटरांनी मतांची किंमत सांगितली: चौतीस वर्षांची ती रेषा रद्द करा. डग्लस यांनी ती रद्द केली आणि त्या जागी लोकनिर्णयाचे तत्त्व ठेवले. गुलामगिरी हवी की नको हे तिथे वसणारेच ठरवतील. लोकशाहीचा माणूस याला नाही कसा म्हणणार? पण ग्यानबाची मेख इथेच होती. ‘तिथले लोक’ कोण, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. १८५५ च्या सुरुवातीला झालेल्या शिरगणतीत कॅन्ससमध्ये ८,५०१ माणसे भरली, त्यांत मतदार २,९०५ आणि गुलाम १९२. ३० मार्चला विधिमंडळाची निवडणूक झाली आणि मते पडली ६,३०७. मिझुरीतून टोळ्या बंदुका घेऊन आल्या, मते टाकली आणि घरी परतल्या. त्यांना चिथावणी देणाऱ्यांत डेव्हिड ॲचिसन होते, जे त्याच महिन्याच्या आरंभापर्यंत अमेरिकेचे सिनेटर होते. अशा मतांवर निवडून आलेल्या विधिमंडळाने कायदा केला, की या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा कुणाला हक्क नाही असे बोलणे किंवा छापणे हा गुन्हा असून त्याला किमान दोन वर्षे सक्तमजुरी. गुलामगिरी नको असलेल्या मुक्त पक्षाच्या लोकांनी आपले वेगळे सरकार थाटले. मे १८५६ मध्ये लॉरेन्स गाव लुटले गेले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनला गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांच्यावर काठी चालली, आणि आठवडा संपायच्या आत गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन ब्राउन यांच्या माणसांनी पॉटवॉटोमी ओढ्याजवळ पाच जणांना रात्री घराबाहेर काढून मारले. अखेर ऑगस्ट १८५८ मध्ये स्वच्छ मतदान झाले तेव्हा लेकॉम्प्टन गावी लिहिलेली गुलामीची राज्यघटना ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी बुडाली. बंदुकांचा धाक आणि कायद्याचा भरवसा नाही अशा जागी दीड हजार डॉलरची ‘मालमत्ता’ न्यायला मालक धजले नाहीत. १९२ चे दोन झाले ते असे.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने लोकनिर्णयाच्याही पायाखालची जमीन काढून घेतली होती. ड्रेड स्कॉट यांना त्यांच्या मालकाने, म्हणजे एका लष्करी डॉक्टरने, इलिनॉय या मुक्त राज्यात आणि नंतर मिझुरी तडजोडीच्या रेषेच्या उत्तरेकडील फोर्ट स्नेलिंगला नेऊन ठेवले होते. त्या आधारावर त्यांनी १८४६ मध्ये सेंट लुइसच्या न्यायालयात स्वातंत्र्य मागितले. ६ मार्च १८५७ ला निकाल लागला. नऊपैकी पाच न्यायाधीश गुलामीच्या राज्यांतले होते. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कृष्णवर्णीय माणूस राज्यघटनेच्या अर्थाने नागरिक नाही. आणि प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला कधीच नव्हता, कारण ती मालमत्ता हिरावणे होय. पहिल्या विधानाला न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी भिन्नमत निकालात सरळ इतिहासाने उत्तर दिले: घटना मंजूर झाली तेव्हा पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुरुष मतदान करत होते. दुसऱ्या विधानाला उत्तर १७८७ च्या अध्यादेशातच होते. पहिल्याच काँग्रेसने, जिच्यात घटना लिहिणारे कितीतरी जण बसले होते, तो १७८९ मध्ये पुन्हा लागू केला होता.

दुसरा मोठा आक्षेप उत्तरेच्या नीयतीवर आहे, आणि तो बराचसा खरा आहे. विल्मट यांनी आपल्याला गुलामांचा कळवळा नाही, गोऱ्या श्रमिकासाठी जमीन राखायची आहे, हे उघड सांगितले होते. कॅन्ससच्या मुक्त पक्षानेही कृष्णवर्णीयांना प्रदेशात येऊ न देण्याच्या बाजूने बहुमत दिले. ऑरेगॉनने गुलामगिरीला आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीला एकाच वेळी बंदी घातली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले ते गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामासाठी, आणि ते काम झालेच होते. पण प्रदेशांच्या राजकारणातला प्रत्येक मुक्तपक्षीय मतदार त्या गौरवाला पात्र होता, असे म्हणता येणार नाही. मात्र यावरून दोन्ही बाजू सारख्याच होत्या असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात. वर्णद्वेष्टा शेतकरी आणि फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखा स्वतः गुलामीतून सुटलेला वक्ता ज्या एका मागणीवर एकत्र येऊ शकत होते, ती मागणी हीच होती. नुसत्या मुक्तीच्या घोषणेवर देशात बहुमत मिळाले नसते. ‘इथून पुढे नाही’ यावर ते मिळाले.

मग दक्षिणेला या अर्ध्याकच्च्या मागणीची एवढी धास्ती का वाटावी? घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्ये लागतात. १८६० मध्ये तेहेतीस राज्यांपैकी पंधरा गुलामीची होती. ती एकजूट राहिली तर एकूण राज्ये साठ होईपर्यंत त्यांना कोणी मुक्तीची दुरुस्ती लादू शकत नव्हते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांची मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित होती. धोका होता तो सत्तेच्या रोजच्या व्यवहारात. न्यायाधीश, मार्शल, पोस्टमास्तर राष्ट्राध्यक्ष नेमणार. १८३५ मध्ये चार्ल्सटनच्या जमावाने टपालातली गुलामगिरीविरोधी पत्रके लुटून जाळली तेव्हा केंद्राचे टपाल खाते मुकाट राहिले होते. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचा पोस्टमास्तर मुकाट राहिलाच असता असे नाही, आणि दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. ती कुटुंबे काय वाचतील, ही चिंता मळेवाल्यांना होती. म्हणून १८६० मध्ये मागणी आणखी पुढे सरकली. मिसिसिपीचे सिनेटर जेफरसन डेव्हिस यांच्या ठरावांनी प्रदेशातल्या गुलामगिरीला गरजेनुसार केंद्राने कायद्याचे संरक्षण द्यावे असे म्हटले, आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या चार्ल्सटन अधिवेशनात ते मान्य होत नाही म्हणताच अगदी दक्षिणेकडच्या राज्यांचे प्रतिनिधी उठून गेले. पक्ष दुभंगला आणि सुमारे चाळीस टक्के मतांवर रिपब्लिकन पक्षाचे लिंकन निवडून आले.

त्यानंतरचे चार महिने या सगळ्या वादाचा गाभा उघडा करतात. सिनेटर क्रिटेंडन यांनी जुनी रेषा पॅसिफिकपर्यंत वाढवायची आणि पुढे मिळेल त्या भूमीलाही लावायची, असा तोडगा काढला. लिंकन यांनी आपल्या पक्षाला कळवले, की विस्ताराच्या प्रश्नावर तसूभरही हटू नका. याच लिंकन यांनी दुसऱ्या एका प्रस्तावाला हरकत घेतली नाही. राज्यांतल्या गुलामगिरीत केंद्राने कधीही ढवळाढवळ करू नये, अशी घटनादुरुस्ती मार्च १८६१ च्या सुरुवातीला काँग्रेसने दोन तृतीयांश मतांनी पाठवली होती. राज्यांच्या हक्कासाठीच भांडण असते तर ते तिथेच मिटायला हवे होते. संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सात राज्यांनी तिकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी त्याच महिन्यात स्वतःची राज्यघटना लिहिली. तिच्यात नव्या प्रदेशांत गुलामगिरीला त्यांच्या केंद्रीय काँग्रेसने मान्यता आणि संरक्षण द्यावे असे बंधन आहे, आणि कोणत्याही सदस्य-राज्यात आपल्या गुलामांसह जाण्याराहण्याचा नागरिकांचा हक्क आहे. एखाद्या राज्याला त्यांना अडवायचे असते तर अडवता आले नसते.

दक्षिणेच्या जागा रिकाम्या झाल्यावर काँग्रेसने १९ जून १८६२ ला अमेरिकेच्या सर्व प्रदेशांत, असलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या, गुलामगिरी बंद केली. टॉनी यांचा निकाल तेव्हाही कायद्याने जिवंत होता, कोणी त्याची पर्वा केली नाही. या कायद्याची शब्दरचना १७८७ च्या अध्यादेशातून घेतलेली होती, विल्मट यांनीही तीच वापरली होती. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरीचा कायद्याने शेवट झाला तेव्हा प्रदेशांसाठी लिहिलेले तेच वाक्य साऱ्या देशाला लागू झाले. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील, हा त्यातला अपवादही तसाच उतरला, आणि काही वर्षांतच दक्षिणेतली राज्ये त्या अपवादाच्या आधारे कृष्णवर्णीय कैद्यांना मळ्यांवर आणि खाणींत भाड्याने देऊ लागली.